माहेरापुरतं पेट्रोल

पेट्रोल शिळं होतं, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. तोवर शिळ्या होणाऱ्या गोष्टींची माझी यादी साधी होती: वरण, वर्तमानपत्र आणि नळाचं पाणी. बाहेरगावच्या माणसाला यातली तिसरी गोष्ट पटत नाही. पण आमच्या छत्रपती संभाजीनगरात, निदान आमच्या गल्लीत तरी, नळाला पाणी आठव्या दिवशी येतं. आलं की प्रत्येक घरातली बाई आधी ड्रममधलं उरलेलं पाणी शिळं म्हणून अंगणात ओतून देते आणि मग ताजं भरते. आठ दिवस घरादारावर ओरडून राखलेलं पाणी असं ओतून देताना तिच्या चेहऱ्यावर काय समाधान असतं, ते बघण्यासारखं आहे. मी या प्रकाराला पंचवीस वर्षं हसत आलो. पुढे मी माझ्या होडीच्या टाकीशी तेच करायला लागलो, तेव्हा मला हसायला अख्खी गल्ली गेटपाशी जमायची.

होडी कशाला घेतली, हे सांगायला हवं. भूमापन खात्यात मी चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. ज्या दिवशी निवृत्त झालो, त्या दिवशी माझ्या सासूबाई, आवडाबाई, पेढा खाऊन झाल्यावर पदराला हात पुसत म्हणाल्या, "जावईबापू, आता तुमाला टाइम हाय. एकदा माझ्या माहेरावरनं फिरवून आणा. लई नाय, वरूनच."

वरूनच म्हणण्याचं कारण असं, की त्यांचं माहेर उंबरवडगाव हे पैठणच्या धरणाच्या पाण्याखाली आहे. त्या लग्न होऊन सासरी गेल्या आणि दहा-बारा वर्षांनी मागे गाव बुडालं. भाऊ नव्या गावठाणात पत्र्याच्या घरात राहिले, तिथंच वारले, भाचे पुण्याकडे पांगले. नव्या गावाला त्या कधी माहेर म्हणाल्या नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. लग्नात मी मात्र घड्याळासाठी अडून बसलो होतो. ते त्यांनी आजवर एकदाही काढून दाखवलेलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

आता एखाद्या कोळ्याच्या नावेतूनही त्यांना नेता आलं असतं. हे मला पुढे पुष्कळ लोकांनी सांगितलं. पण जावयानं सासूला भाड्याच्या नावेतून माहेरी न्यावं हे माझ्या मनाला पटेना, आणि नेमका त्याच आठवड्यात एका बंद पडलेल्या जलविहार केंद्राचा लिलाव निघाला. बारा फुटांची पांढरी होडी, चार माणसांची, मागे इंजिन, मध्ये चोवीस लिटरची लाल टाकी, आणि हे सगळं वाहून न्यायला दोन चाकांचा गाडा. गाडा गल्लीत शिरला तेव्हा माझ्या बायकोला, लक्ष्मीला वाटलं, मी पाण्याची मोठी टाकी आणली. ती आनंदानं ओट्यावर आली. होडी बघून म्हणाली, "आवो, पाणी साठवायचं सोडून पाण्यावर तरंगायचं आणलं काय?"

दसरा तोंडावर होता. धरण काठोकाठ भरलेलं होतं. आमच्या समोर पुंजाराम राहतात, एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. गल्लीतल्या कुठल्याही यंत्राबद्दल शेवटचा शब्द त्यांचा असतो, मिक्सरपासून हृदयाच्या झडपेपर्यंत. ते म्हणाले, "साहेब, दसऱ्याला पूजा करताय तर टाकी भरून ठेवा. रिकामं भांडं पूजेला मांडत नसतेत. अन् टाकी भरलेली आसली की आत हवा नाय. हवा नाय तर दमट नाय."

धर्म आणि शास्त्र एकाच तोंडून बोलतंय म्हटल्यावर मी टाकी उचलून पंपावर गेलो. तिथल्या माणसानं हात जोडले. सुटं पेट्रोल मिळत नाही. मी म्हणालो, हे सुटं नाही, ही होडीची टाकी आहे. तो म्हणाला, मग होडी कुठाय? म्हणून दुसऱ्या दिवशी टेम्पोमागे गाडा जोडून होडी पंपावर नेली. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची रांग, पुढे रिक्षा, मागे रिक्षा, मध्ये मी होडीत बसलेलो. बसलो कारण टेम्पोत जागा नव्हती. पंपवाल्यानं नंबर विचारला. होडीला नंबर नाही म्हटल्यावर त्यानं टेम्पोचा लिहून घेतला. त्या दिवशी क्रांती चौकातून होडीत बसून जाताना मला निदान पाच ओळखीचे लोक भेटले, आणि पाचही जणांनी हात केला.

दसऱ्याला होडीला झेंडू वाहिले. आवडाबाई गंगापूरहून आल्या होत्या. सोबत एक पिशवी होती: नारळ, हिरवा चोळीचा खण, बांगड्या, आणि फडक्यात बांधलेल्या चार भाकरी. त्यांना वाटलं होतं, पूजा झाली की निघायचं. मी म्हणालो, "मामी, परवाना यायचाय अजून. आठ-दहा दिवस."

"नाय, घाई नाय," त्या म्हणाल्या, आणि भाकरी आम्हालाच वाढल्या.

आठ-दहा दिवसांचे चार महिने झाले. ज्या कचेरीतून परवाना मिळतो, तिच्या अर्जात प्रयोजन असा रकाना होता. मी लिहिलं, सासूबाईंना माहेरी नेणे. तिथल्या बाबूनं चष्मा वर केला. मासेमारी, प्रवासी वाहतूक, पक्षीनिरीक्षण, यातलं काही असेल तर सांगा, म्हणाला. मी म्हणालो, यातलं काही नाही. मग माहेरचं गाव कोणतं, म्हणाला. मी नाव सांगितलं. महिनाभरानं उत्तर आलं: सदर गाव अस्तित्वात नाही, सबब प्रयोजन सिद्ध होत नाही.

माझी आयुष्यभराची नोकरी गावं अस्तित्वात आहेत की नाहीत हे सांगण्यात गेली होती. मी माझ्याच जुन्या कचेरीत गेलो. तिथे मी ज्यांना नकाशाची घडी कशी घालायची ते शिकवलं होतं, त्यांनी मला टोकन घेऊन बाकावर बसायला सांगितलं. बसलो. शेवटी उंबरवडगावचा जुना गावनकाशा मिळाला, वेस, विहीर, देऊळ, घरं, सगळं त्यावर होतं. तो जोडून पुन्हा अर्ज केला. माघ महिन्यात परवाना आला. त्यावर प्रयोजनापुढे लिहिलं होतं: इतर.

परवान्यावर तारीख होती आठ दिवसांनंतरची. आवडाबाईंना फोन केला. त्या आल्या, पिशवी आणि भाकरीसकट. आदल्या दिवशी म्हटलं, इंजिन एकदा चालवून बघू. तर या इंजिनाचा स्वभाव असा, की त्याचा पाय पाण्यात बुडवल्याशिवाय त्याला चालवायचं नसतं, तापून बसतं. घरात दोनशे लिटरचा एक भरलेला ड्रम होता. तो पुढचे पाच दिवस सगळ्या घरानं वापरायचा होता. मी गाडा मागे घेतला आणि इंजिनाचा पाय त्या ड्रममध्ये सोडला. लक्ष्मी ओट्यावर उभी राहून बघत होती. ती काही बोलली नाही, म्हणजे किती रागावली होती ते समजून घ्या.

दोरी ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा ओढली, पुन्हा खोकलं. पंचवीस वेळा ओढल्यावर माझा खांदा आणि इंजिन दोघांनी एकदमच बंद पुकारला. पुंजारामांनी प्लग काढून पुसला, फुंकला, परत बसवला. मग त्यांनी असं काही तोंड केलं, की हे काम एसटीच्या बाहेरचं आहे. म्हणून रोशन गेटहून मुजीब मिस्त्रींना बोलावलं. हा माणूस जनरेटर, पंप, गिरणी, जे खोकेल ते दुरुस्त करतो. त्यांनी टाकीचं झाकण उघडून नुसता वास घेतला.

"कब भरे थे साहब?"

"दसऱ्याला."

"हौ, तो बासी हो गया ना. आजकल के पेट्रोल में गन्ने का माल मिलाते. वो हवा में का पानी पीता. पीते पीते नीचे जाके बैठता. आप पेट्रोल नै रखे थे, चार महिने से मेहमान पाल रे थे."

माझा विश्वास बसेना. त्यांनी एक काचेचं भांडं मागितलं. हाताशी लक्ष्मीची मुरंब्याची बरणी होती. तिच्यात पेट्रोल ओतून उन्हात ठेवलं. थोड्या वेळानं बरणीत दोन थर दिसायला लागले, वर पिवळं आणि खाली पांढुरकं पाणी. सगळी गल्ली वाकून वाकून बघून गेली. लक्ष्मी म्हणाली, "आता या बरणीत मुरंबा घालायचा कुणी?"

आवडाबाई खुर्चीवर बसून हे सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "नासलं व्हय? मग टाकून द्या की. नासक्या दुधाचा चहा होतो का कुठं?"

पण चोवीस लिटर पेट्रोल टाकून द्यायला मी काही राजा नाही. वरचा पिवळा थर मी अलगद काढून स्कूटरमध्ये घातला. स्कूटर दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी भर चौकात तिनं इंजिनासारखाच खोकला काढला आणि थांबली. ती ढकलत असताना, माझ्या हाताखाली मोजणीची साखळी धरणारा माणूस स्वतःच्या मोटारीतून गेला. त्यानं काच खाली करून विचारलं, "साहेब, व्यायाम?"

परवान्याची तारीख गेली ती गेलीच. इंजिनाचा कार्बुरेटर मुजीबभाईंनी खोलून, ब्रशानं घासून, चिकटा काढून परत बसवला. आवडाबाई दोन दिवस राहून परत गेल्या. जाताना पायरी उतरायला त्यांना भिंतीचा आधार लागला. गुडघ्यावर हात दाबून म्हणाल्या, "नाय, तुमचं बरोबर हाय, जावईबापू. घाई नाय. पर पुढच्या साली ह्ये गुडघं म्हणतील तसं." त्या दिवशी मी जेवलो नाही. लक्ष्मीनंही आग्रह केला नाही.

नवा परवाना वैशाखातला मिळाला. आता यावेळी पेट्रोलात कसूर ठेवायची नाही, असं मी ठरवलं. प्रश्न एवढाच होता, की टाकी भरलेली ठेवायची की रिकामी. पुंजाराम म्हणत, भरलेली. मुजीबभाई म्हणत, "खाली रखो साहब, बिल्कुल सूखी." दोघंही आपापल्या जागी इतके ठाम होते, की एकाचं ऐकलं तर दुसऱ्याशी बोलणं बंद झालं असतं. मी मध्यमवर्गीय माणूस. मी दोघांचं मन राखलं आणि टाकी अर्धी भरली. अर्धी टाकी हाच सगळ्यात वाईट प्रकार असतो, असं नंतर दोघांनीही मला सांगितलं, आणि एवढ्या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत झालं.

मग मी एक शिस्त बसवली. दर आठ दिवसांनी, पाण्याच्या दिवशी, इंजिन दहा मिनिटं चालवायचं. उरलेलं पेट्रोल एका निळ्या कॅनमध्ये काढायचं, तिथून ताजं आहे तोवर स्कूटरला घालायचं, आणि टाकीत नवं भरायचं. नवं भरायला दर वेळी होडी पंपावर न्यावी लागे. पंपावरचा माणूस आता मला लांबूनच ओळखायचा. तो रिक्षावाल्यांना बाजूला घ्यायचा आणि म्हणायचा, "जहाज येऊ द्या."

गल्लीत मात्र धुसफूस सुरू झाली. इंजिनाचा पाय बुडवलेलं पाणी नंतर कशाच्याच कामाचं राहत नसे, झाडालासुद्धा. नळावर बायका मला ऐकू येईल अशा बेतानं बोलायच्या, "रामकिसनभाऊंचं इंजिन आठ दिसाला अंघोळ करतंय. आमच्या मालकाला विचारा, शेवटची कधी केली." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. जगातल्या सगळ्या मोठ्या कामांना सुरुवातीला विरोध होतो, अशी मी मनाची समजूत घातली होती.

आता इथं आमच्या गल्लीची एक रीत सांगायला हवी. पाण्याच्या दिवशी ज्या घरी कुणी नसेल, त्या घराचे ड्रम शेजाऱ्यानं भरायचे. यात चूक होत नाही. भांडण असलेल्या घराचेसुद्धा ड्रम भरले जातात, आणि भरून झाल्यावर भांडण सोडलं होतं तिथून पुढे चालू होतं. आमच्या शेजारी द्वारकाबाई राहतात, एकट्याच. आमच्या अंगणाच्या गेटची किल्ली त्यांच्याकडे असते.

वैशाखात आम्ही पुतण्याच्या लग्नाला वैजापूरला गेलो. आमच्या ड्रमांच्या रांगेत शेवटी तो निळा कॅन उभा होता. घरात ठेवायला लक्ष्मी देत नव्हती म्हणून मीच तो तिथं नेऊन ठेवला होता. वीस लिटरचा, आणि आत सहा लिटर पेट्रोल. दुपारी दोनला पाणी आलं. द्वारकाबाईंनी पाइप लावून आमचे तीनही ड्रम भरले. शेवटी त्यांना कॅन दिसला, तळाशी थोडंच काही होतं. नेहमीप्रमाणे शिळं ओतून दिलं असतं तर तिथंच कळलं असतं. पण पाणी जायची वेळ झाली होती, म्हणून त्यांनी ओतायचं राहू दिलं आणि पाइपचं तोंड सरळ कॅनमध्ये खाली दाबलं.

पेट्रोल पाण्यावर तरंगतं. कॅन भरला तसं ते तोंडातून वर आलं, पाइपवरून ओघळलं, अंगणभर झालं. तोच पाइप घेऊन द्वारकाबाई स्वतःच्या ड्रमकडे गेल्या आणि त्यांना वास आला. त्यांनी भिंतीवरून पलीकडे विचारलं, "आवो, नळाला राकेलाचा वास येतोय का तुमच्याकडं?"

एकदा असा प्रश्न विचारला की कुठल्याही नाकाला वास येतो. बावीस घरांनी आपापलं पाणी हुंगलं, आणि बावीस घरांना तो आला. एकानं म्हणे चव घेऊन बघितली, त्याला चवही आली. पंधरा मिनिटांत सगळ्या गल्लीनं आठ दिवसांसाठी भरलेलं पाणी रस्त्यावर ओतून दिलं. शेवटचा ड्रम उपडा झाला आणि नळ गेला.

दुसऱ्या दिवशी पाणीखात्याची माणसं बाटल्या घेऊन आली. त्यांना नळात काही सापडलं नाही. ती माणसं नाल्याकडेनं इंद्रधनुष्याचे डाग बघत बघत निघाली आणि आमच्या गेटपाशी येऊन थांबली. त्याच वेळी आम्ही वैजापूरहून लग्नाच्या बुंदीचा डबा घेऊन रिक्षातून उतरलो.

संध्याकाळी कडुनिंबाखाली खुर्च्या मांडून गल्ली बसली. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. बावीस घरांत थेंबभर पाणी नव्हतं आणि त्या सगळ्यांसमोर मी बुंदीचा डबा हातात धरून उभा होतो, कारण तो कुठं ठेवायचा ते सुचेना. मी तोंडानं माफी मागितली आणि टँकर बोलावला. पुंजाराम, ज्यांनी टाकी भरायला सांगितली होती तेच, अध्यक्षासारखे उठले. म्हणाले, "साहेब, पुढच्या पाण्याच्या आत होडी हलवा. मंग ती धरणात न्या नाय तर भंगारात न्या."

द्वारकाबाईंच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. "मी तर पाणीच भरलं, भाऊ. उणं दिसलं म्हनून भरलं. उणा ड्रम ठेवून जीव लागत नाय माझा."

तेव्हा लक्ष्मी उठली. इतके महिने ती होडीच्या बाजूनं एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "ह्यांचं चुकलंच. पण ही होडी काही हौसंसाठी नाय आणली. माझ्या आईला तिचं माहेर बघायचंय. पाण्याखाली हाय ते. दोनदा भाकरी बांधून आली ती, दोनदा तशीच परत गेली."

आमच्या गल्लीतली एकही बाई या गावची नाही. सगळ्या कुठून कुठून लग्न होऊन आलेल्या, सोयगावच्या, फुलंब्रीच्या, बीडकडच्या. द्वारकाबाईंनी डोळे पुसले आणि जवळजवळ रागानंच म्हणाल्या, "माहेरी जायचंय व्हय त्यांना? मंग ह्ये आधी सांगायचं ना, भाऊ. आमाला वाटलं, तुमी नुसतं इंजिन खेळवताय."

निघायच्या दिवशी सकाळी आवडाबाई गंगापूरहून आल्या, तोवर गेटपाशी ओटीच्या सामानाचा ढीग जमला. खण, नारळ, हळदीकुंकवाच्या पुड्या, आणि द्वारकाबाईंनी पहाटे थापलेल्या बाजरीच्या भाकरी. टाकी मी पैठणला पोचल्यावरच भरली, काठोकाठ, चोवीस लिटर. पेट्रोल इतकं ताजं होतं, की मी दोनदा झाकण उघडून वास घेतला.

धरण मात्र ओळखू येईना. त्या साली उन्हाळा कडक होता, कालव्यांनीही पाणी उपसलं होतं, आणि दसऱ्याला जिथं लाटा आपटत होत्या तिथं आता शेळ्या चरत होत्या. पाणी दोनेक किलोमीटर आत गेलं होतं. कडूबा नावाच्या एका कोळ्यानं आणि त्याच्या भावांनी गाडा चिखलातून पाण्यापर्यंत ढकलून दिला. कडूबा म्हणाला, "साहेब, पाणी लई उतरलंय. मधी कुठंतरी टेकाल."

मी नकाशा उलगडला. "गाव इथून दीड किलोमीटर आहे आणि पस्तीस फूट खोल आहे. हिशेब केलाय मी."

हिशेब बरोबर होता. फक्त मी तो दसऱ्याच्या पाण्यावरून केला होता. चौतीस वर्षं जमीन मोजलेल्या माणसाच्या हे ध्यानात आलं नाही, की मधल्या काळात पाणी खाली जातं.

दुसऱ्याच ओढीला इंजिन सुरू झालं. खोकला नाही, धूर नाही. आवडाबाई पुढच्या फळीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, लक्ष्मी त्यांना धरून. ऊन कोवळं होतं, पाणी सपाट. मी छाती काढून सुकाणू धरलं होतं आणि मनातल्या मनात पुंजाराम, मुजीबभाई, तो प्रयोजनवाला बाबू, सगळ्यांना हे दृश्य दाखवत होतो. दहा-बारा मिनिटं असं सुखात गेलो असू. मग होडीच्या पोटाखाली खरखर झाली, आम्ही तिघं पुढे झुकलो, आणि होडी थांबली. मी घाईघाईनं इंजिन बंद केलं. लक्ष्मीनं माझ्याकडे ओळखीच्या नजरेनं बघितलं.

आवडाबाई मात्र उजवीकडे बघत होत्या. तिथं पाण्यातून चिखलाचा एक लांबट उंचवटा वर आला होता, आणि त्यावर काळ्या दगडांच्या ओळी होत्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "उतरा. गाव आलं."

होडी वेशीच्या दगडांवर बसली होती. मी घोट्याएवढ्या चिखलात उतरलो आणि त्यांना हाताला धरून उतरवलं. गुडघे म्हणतील तसं म्हणणारी बाई पुढे निघाली आणि आम्ही मागे. मी नकाशा धरून डावीकडे जायला सांगितलं. त्या उजवीकडे वळल्या. "ह्यो दुमोटी विहिरीचा कठडा. ह्ये कासाराचं घर. हितं पाटलाचा गोठा." सगळीकडे नुसते जोत्यांचे दगड होते, शेवाळ वाळून पांढरे झालेले. एका जोत्यापुढे त्या थांबल्या. आत जमिनीत बसवलेलं एक उखळ होतं, गाळानं भरलेलं. पुढे पायरीचा एक लांब दगड.

त्या पायरीच्या अलीकडेच उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, दम लागला. लक्ष्मी म्हणाली, "आई, चल की आत."

त्या हलल्या नाहीत. पायरीकडे बघत म्हणाल्या, "अशी कशी जाऊ? कुणी ववाळलं नाय अजून."

लेक माहेरी आली की दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असतो, मग ती आत येते. हे काम आई करते, आई नसेल तर भावजय. इथं त्यांची आई नव्हती, भावजय नव्हती, दारही नव्हतं. लक्ष्मी पुढे व्हायला लागली, तर त्या म्हणाल्या, "तू लेक माझी. तू माझ्यासंगं आलीस. तू पाहुणी."

मग उरलो मी. पुरुषानं हे काम केलेलं मी पाहिलेलं नाही, जावयानं तर नाहीच. पण मी परत होडीपाशी गेलो, द्वारकाबाईंच्या भाकरीचा तुकडा मोडला, पेट्रोल ओतायच्या मापट्यात धरणाचं पाणी घेतलं, आणि वळसा घालून पायरीच्या आतल्या बाजूला जाऊन उभा राहिलो. कितीदा ओवाळायचं ते आठवेना, म्हणून त्या मान हलवेपर्यंत ओवाळलं. तुकडा बाजूला टाकला. पायांवर पाणी घातलं. पाण्याला पेट्रोलचा वास येत होता. त्यांनाही आला असेल. त्यांनी उजवा पाय उचलला आणि पायरी चढून आत आल्या.

आत म्हणजे उन्हातच. त्यांनी उखळातला गाळ बोटांनी काढला, त्यावर हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला, बावीस घरांच्या पुड्या एक एक करून सोडल्या. मग उखळाशेजारी मांडी घालून बसल्या आणि लक्ष्मीला सांगायला लागल्या, कुठं चूल होती आणि कुठं म्हैस बांधायचे. कधी रडल्या, कधी हसल्या. मला काही काम नव्हतं. मी होडीपाशी गेलो. नाही म्हटलं तरी एक काळजी होतीच, की इंजिन परत सुरू होईल की नाही. म्हटलं, बघावं. पाय पाण्यात होता, दोरी ओढली, पहिल्याच ओढीला सुरू झालं. इतक्या महिन्यांत ते असं कधी वागलं नव्हतं, आणि ते कुणीतरी बघावं म्हणून मी जोत्याकडे वळून पाहिलं.

आवडाबाईंनी बसल्या जागेवरून हात वर केला होता.

"बंद करा ते, जावईबापू. आत्ता तर आलेय. माहेरी आल्या आल्या कुणी घाई करतं का?"

मी इंजिन बंद केलं. टाकी जवळजवळ भरलेली होती. झाकण नीट बसलंय का, आत हवा किती आहे, हे बघायची मला सवय लागली होती, हातही तिकडे गेला होता. पण मग म्हटलं, होऊ दे शिळं. आणि भाकरी घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो.